सेंट अँड्र्यूजचें जुनें मैदान आणि तेथील डावपेंच

मैदान म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें एक आंखलेली, रुळानें सपाट केलेली जागा उभी राहते. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांचीच असावयाची, मग ती लॉर्ड्सवर असो कीं पुण्याच्या जिमखान्यावर असो. टेनिसच्या कोर्टाची गोष्ट तीच. गॉल्फला मात्र हा नियम लागू नाहीं. त्या खेळांत मैदान हाच प्रतिस्पर्धी असतो, आणि हा प्रतिस्पर्धी प्रत्येक गांवीं निराळा. गोट्यांच्या खेळांत जशी गल, तसा येथें 'होल'. टोल्यामागून टोला मारीत चेंडू त्या होलांत नेऊन घालावयाचा, आणि अशा अठरा होलांना मिळून ज्याला सर्वांत कमी टोले लागले तो जिंकला, एवढाच खेळ. ओट्यापासून त्या खळग्यापर्यंतच्या सबंध टप्प्यालाही होल असेंच म्हणतात. त्या टप्प्यांतील तीनचारशें यार्डांत काय काय आडवें येतें, आणि त्याला वळसा घालावयाचा कीं त्याच्यावरून चेंडू उडवावयाचा, ह्या विचारांत खेळाडूची सारी बुद्धि खर्ची पडते. ह्या दृष्टीनें ज्या एका मैदानाचा अभ्यास गेलीं दीडदोनशें वर्षें चालू आहे, तें मैदान स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचें.

सेंट अँड्र्यूज हें फाइफ परगण्यांतील, पूर्व किनाऱ्यावरचें, जुन्या विद्यापीठाचें एक लहानसें शहर आहे. शहराच्या वायव्येस समुद्र आणि ईडन नदीचें मुख ह्यांच्या लगत वाळूची जी पट्टी आहे, तिच्यावर 'ओल्ड कोर्स', म्हणजे जुनें मैदान, पसरलेलें आहे. तें कोणीं आंखलें असें विचारलें तर एकाही माणसाचें नांव सांगतां येत नाहीं, कारण तें मुळीं आंखलेलेंच नाहीं. समुद्र मागें हटला, त्याच्या वाळूचे उंचवटे राहिले आणि त्यांवर बारीक, चिवट गवत आलें. मेंढरें चरूं लागलीं. बोचरा वारा सुटला कीं तीं मेंढरें उंचवट्यांच्या आडोशाला अंग चोरून बसत. त्या ठिकाणचें गवत झिजून खालची वाळू उघडी पडे, आणि पुढें वाराच तो खळगा खोल करीत जाई. सशांच्या बिळांची त्यांत भर पडली. आज ज्यांना 'बंकर' म्हणतात त्या वाळूच्या खड्ड्यांपैकीं पुष्कळांची जन्मकथा अशीच सांगण्यांत येते. ह्या मैदानांत असे एकशेंबारा बंकर मोजतात आणि त्यांतल्या नांवाजलेल्यांना माणसांसारखीं नांवें आहेत. एकाचें नांव 'नरक', कांहींचें 'शवपेट्या', सात जणींचें 'सात बहिणी', आणि एक आहे 'प्रिन्सिपॉलचें नाक'. विद्यापीठाच्या गांवाला शोभेल असाच हा विनोद आहे.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें १४५७ सालीं गॉल्फवर बंदी घातली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून ह्या खेळाच्या नादीं लागत. पुढें १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन ह्यांना ह्या पट्टींत ससे पाळण्याची मुभा मिळाली तेव्हां त्याच सनदेंत नागरिकांचा तेथें गॉल्फ खेळण्याचा हक्कही मान्य करण्यांत आला. ह्या कागदाची किंमत अडीचशें वर्षांनीं कळली. १७९७ सालीं शहराची तिजोरी रिकामी झाली होती आणि पालिकेनें ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं दिली. मैदानाची चाळण झाली. खेळाडू आणि ससेवाले ह्यांचें भांडण कोर्टांतही चाललें आणि मैदानांतही चाललें. अखेर १८२१ त जेम्स चीप नांवाच्या जमीनदारानें ती जमीन विकत घेतली तेव्हां गॉल्फला पुन्हा थारा मिळाला. त्याचें नांव आज दुसऱ्या होलाजवळच्या एका बंकरला आहे. खड्ड्याच्या रूपानें कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत फक्त गॉल्फमध्येंच आढळेल. गॉल्फ म्हणजे धनिकांचा खेळ अशी जी समजूत आहे ती ह्या गांवापुरती तरी खरी नाहीं. मैदान सार्वजनिक आहे, क्लबाच्या मालकीचें नाहीं. रविवारीं मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर तेथें खेळ बंद असतो आणि गांवचीं माणसें कुत्रीं घेऊन, मुलें घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून फिरावयास जातात.

१७५४ सालीं बावीस सरदार-जमीनदारांनीं येथें गॉल्फ खेळणारांची एक मंडळी स्थापन केली. तीच पुढें १८३४ त राजा चौथा विल्यम ह्याच्या आश्रयानें 'रॉयल अँड एन्शंट' क्लब झाली. त्या आरंभीच्या काळीं मैदानांत बारा होल होते. शहराकडून नदीमुखाकडे खेळत जावयाचें आणि त्याच वाटेनें, त्याच होलांत चेंडू घालीत परत यावयाचें. दहा होल दोनदां खेळले जात आणि फेरी बावीस होलांची होई. १७६४ त विल्यम सेंट क्लेअर ह्यानें ती फेरी १२१ टोल्यांत पुरी केली. मंडळींना वाटलें, मैदान फार सोपें झालें! त्यांनीं पहिल्या चार होलांचे दोन मोठे होल केले. हे दोन होल येतांनाही खेळावयाचे असल्यामुळें बेरीज बाविसांवरून अठरांवर आली. साऱ्या जगांतील गॉल्फच्या फेरींत आज अठरा होल असतात त्याचा उगम येथें आहे. त्यामागें शास्त्र वगैरे कांहीं नाहीं.

ह्या जुन्या मैदानाची वाट मात्र अतिशय अरुंद होती. दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांच्या कांटेरी झुडपांचें रान माजलेलें. जाणारे आणि येणारे एकाच होलापाशीं समोरासमोर येत. अशा वाटेवर डावपेंच कसले? सरळ मारावें आणि झुडपांत जाऊं नये, इतकेंच धोरण. हें चित्र पालटलें तें चेंडूमुळें, आणि त्या चेंडूच्या कथेंत एका हिंदु देवतेचा संबंध येतो.

त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवींत टोपीभर पिसें ठांसून शिवलेला गोळा. एका कारागिराच्या हातून दिवसाकांठीं तीनचार चेंडू होत, आणि पावसांत भिजले कीं ते फुटत. त्यामुळें खेळ सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नसे. १८४५ च्या सुमारास रॉबर्ट पॅटर्सन नांवाच्या, सेंट अँड्र्यूज येथें शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं हिंदुस्थानांतून विष्णूची एक काळ्या दगडाची मूर्ति आली. वाटेंत तिला धक्का लागूं नये म्हणून पेटींत तिच्याभोंवतीं गटापर्चाचे, म्हणजे मलायाकडील एका झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाचे, तुकडे भरलेले होते. ते ऊन करून त्यानें त्यांचा चेंडू वळला, अशी परंपरागत कथा आहे. मूर्तीची गोष्ट कोणीं मानो वा न मानो. गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला आणि पंधरावीस वर्षांत त्यानें पिसांच्या चेंडूला हद्दपार केलें, हें निर्विवाद आहे. पिसांचे चेंडू करणारा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा पहिल्या प्रतीचा खेळाडू. नव्या चेंडूचा त्याला एवढा संताप आला कीं तो ते विकत घेऊन जाळून टाकी. त्याचा सहायक टॉम मॉरिस ह्यानें तोच चेंडू वापरला तेव्हां दोघांचें बिनसलें आणि १८५१ त टॉम प्रेस्टविकला निघून गेला. गंमत अशी कीं पुढें रॉबर्टसन स्वतःही गटापर्चाकडे वळला, आणि १८५८ त ह्या मैदानाची फेरी त्यानें ७९ टोल्यांत पुरी केली. ऐंशींच्या आंत येणारा तो पहिलाच.

स्वस्त चेंडू आला, १८५२ त गांवाला रेल्वे आली, आणि मैदानांत गर्दी झाली. मग झुडपें हटवून वाट रुंद करण्यांत आली. हिरवळी, म्हणजे होलाभोंवतींच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागा, वाढवून त्यांवर दोन दोन होल पाडण्यांत आले. जाणाऱ्यांना पांढरें निशाण, येणाऱ्यांना तांबडें. आजही अठरांपैकीं चौदा होल अशा सात जोड-हिरवळींवर आहेत, आणि जोडींतल्या आंकड्यांची बेरीज नेहमीं अठरा येते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, ह्याप्रमाणें. गर्दी टाळण्याकरितां केलेल्या ह्या सोयीनें खेळाचें स्वरूपच बदललें. मैदान रुंद झाल्याबरोबर खेळाडूला प्रथमच वाट निवडण्याचें स्वातंत्र्य मिळालें, आणि स्वातंत्र्याबरोबर चुकण्याचेही शंभर मार्ग उघडले.

ह्या मैदानावरील डावपेंचांचें सूत्र थोडक्यांत सांगतां येतें, आचरतां मात्र येत नाहीं. जातांना काय किंवा येतांना काय, डावीकडे विस्तीर्ण मोकळी जागा असते, कारण तिकडे उलट दिशेच्या होलांचें गवत जोडून आलेलें असतें. उजवीकडे झुडपें, कुंपण किंवा हद्द. नवखा मनुष्य साहजिकच डावीकडे मारतो आणि आपला चेंडू सुरक्षित पडला म्हणून समाधान पावतो. पुढें जाऊन पाहतो तों चेंडू आणि निशाण ह्यांच्यामध्यें बंकर किंवा उंचवटा आडवा उभा! पहिल्या टोल्याला जो संकटापासून दूर पळाला त्याच्या दुसऱ्या टोल्याला संकट वाट अडवून बसतें. आणि जो पहिल्यानें संकटाच्या कडेकडेनें गेला त्याला दुसऱ्या वेळीं दार उघडें मिळतें. बहुतेक होलांचा कायदा हाच आहे.

त्यांतही एक खुबी आहे. १८६५ च्या सुमारास टॉम मॉरिस मैदानाची देखरेख करावयास परत आला आणि त्यानें पुढें पहिल्या होलाकरितां स्वतंत्र हिरवळ तयार केली. तोंपर्यंत पहिल्या ओट्यावरून आजच्या सतराव्या होलाच्या हिरवळीकडे जात आणि सारी फेरी घड्याळाच्या कांट्याप्रमाणें होई. नव्या हिरवळीमुळें ती उलटही खेळतां येऊं लागली, आणि कित्येक वर्षें एक आठवडा सुलट, एक आठवडा उलट असा क्रम चालला. शेवटीं कांट्याच्या विरुद्ध दिशाच कायम झाली. त्यामुळें कांहीं खड्डे आजच्या खेळाडूला पाठमोरे आहेत. बाराव्या होलाच्या ओट्यावर उभें राहिलें असतां समोर निर्मळ गवताखेरीज कांहीं दिसत नाहीं. प्रत्यक्षांत त्या गवतांत बंकरांची मालिका दडलेली असते, कारण त्यांचीं तोंडें समोरून येणाऱ्याकडे आहेत. येथें डोळ्यांपेक्षां आठवणीवर विसंबावें लागतें. म्हणूनच ह्या मैदानांत कॅडीला मान. तो केवळ काठ्यांची पिशवी वाहणारा गडी नव्हे, वाटाड्या आहे.

पहिल्या होलाला अडचण एकच, आणि ती उघड: हिरवळीला अगदीं चिकटून वाहणारा स्विल्कन ओढा. मैदान एवढें रुंद कीं पहिला टोला चुकविणें कठिण. परंतु दुसऱ्याला हात आंखडला कीं चेंडू पाण्यांत. जाणते खेळाडू निशाणाच्या पलीकडेच मारतात. पुढचे होल त्या सामान्य नियमानें चालणारे आहेत. सातव्यापासून अकराव्यापर्यंत मैदान नदीमुखाशीं वळसा घेतें, तेथें सातव्याची आणि अकराव्याची वाट एकमेकींना छेदते, आणि फेरींतले सोपे टोले येथेंच मिळतात असें म्हणतात. त्या सोपेपणाच्या टोंकाला अकरावा होल बसलेला आहे.

हा होल अवघा १७४ यार्डांचा. एका टोल्यांत हिरवळ गांठावयाची. हिरवळ मागून पुढें तीव्र उतरती, डाव्या हाताला 'हिल' बंकर, समोर उजवीकडे 'स्ट्रॅथ' बंकर, आणि पाठीमागें ईडनचें पात्र. निशाण स्ट्रॅथच्या आड लावलेलें असलें म्हणजे धीट मनुष्य सरळ त्याच्यावरच मारतो. थोडें कमी पडलें तर वाळू. थोडें जास्त झालें तर चेंडू वरच्या अंगाला राहतो, आणि मग वाऱ्याच्या दिवशीं तेथून हलका स्पर्श केला तरी तो उतारावरून घरंगळत पुन्हा खड्ड्याकडे धांवतो. शहाणा मनुष्य येथें अभिमान गिळतो. चेंडू हिरवळीच्या खालच्या अंगालाच ठेवून चढावर दोन टोले मारावयाचे आणि तीन आंकडा घेऊन निघून जावयाचें.

हा शहाणपणा १९२१ सालीं बॉबी जोन्सजवळ नव्हता. अमेरिकेंतला हा एकोणीस वर्षांचा तरुण त्या वर्षीं प्रथमच सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धेसाठीं आला होता. तिसऱ्या फेरीला वारा सुटला. पहिल्या नऊ होलांना त्याला ४६ टोले लागले, दहाव्याला सहा लागले, आणि अकराव्याला चेंडू वाळूंत गेला. तेथें त्याचा धीर सुटला. त्यानें चेंडू उचलला आणि स्पर्धेंतून आपलें नांव काढून घेतलें. ह्या प्रसंगाची लाज त्याला जन्मभर वाटली. गांवालाही तो गर्विष्ठ पोर वाटला असल्यास नवल नाहीं. त्याला हें मैदान आवडलें नाहीं; रुंद असून खेळूं देत नाहीं, सरळ मारलेल्या चेंडूला न्याय देत नाहीं, अशी त्याची तक्रार. परंतु तो परत परत आला, पाहूं लागला, आणि मैदान सरळपणाला नव्हे तर विचाराला बक्षीस देतें हें त्याच्या ध्यानीं आलें. १९२७ त त्याच मैदानावर त्यानें २८५ टोल्यांत ओपन स्पर्धा सहा टोल्यांच्या अंतरानें जिंकली, आणि चषक अमेरिकेस न नेतां रॉयल अँड एन्शंट क्लबाच्याच स्वाधीन केला. १९५८ सालीं ह्या गांवानें त्याला आपलें नागरिकत्व दिलें. त्यापूर्वीं हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ सालचा बेंजामिन फ्रँक्लिन.

चौदावा होल लांब. उजवीकडे दगडी भिंत आणि तिच्यापलीकडे हद्द. डावीकडे 'बीअर्डीज' नांवाचे खोल खड्डे. ह्या दोहोंच्या मध्यें जी मऊ गवताची पट्टी, तिला 'एलिसियन फील्ड्स', म्हणजे स्वर्गांतलें नंदनवन, असें नांव आहे. नंदनवनांत चेंडू पडला म्हणून हुरळून जाणाऱ्याच्या पुढें वाटेंत 'नरक' पसरलेला आहे. नरकावरून उडी मारावी कीं डावीकडे पांचव्या होलाच्या गवतावर उतरून फेर घ्यावा, हें वारा ठरवितो. १९९५ सालीं जॅक निक्लॉस, म्हणजे ह्या मैदानावर दोनदां ओपन जिंकलेला मनुष्य, नरकांत पडला. बाहेर यावयास चार टोले गेले आणि त्या एका होलाला एकूण दहा लागले. ॲलिस्टर मॅकेंझी हा पेशानें डॉक्टर, वृत्तीनें मैदानें आंखणारा. त्यानें ह्या मैदानाची बारकाईनें मोजणी करून १९२४ त त्याचा नकाशा तयार केला. चौदाव्या होलाला निशाणाप्रत जाण्याचे चार निरनिराळे रस्ते आहेत आणि ते खेळाडूच्या ताकदीप्रमाणें व वाऱ्याप्रमाणें निवडावे लागतात, हें त्यानें रेखाटून दाखविलें. पुढें ह्याच मॅकेंझीनें जोन्सच्या साहाय्यानें अमेरिकेंत ऑगस्टा येथें मैदान आंखलें. म्हणजे मेंढरांनीं उकरलेल्या खड्ड्यांपासून निघालेला विचार अटलांटिक ओलांडून गेला.

सोळाव्यावर 'प्रिन्सिपॉलचें नाक' ऐन वाटेंत आहे. नाकाच्या उजवीकडून, जुन्या रेल्वेच्या कुंपणाच्या अंगानें, जाणारी बोळ अरुंद पण निशाणाकडे सरळ. डावीकडची बाजू ऐसपैस पण पुढें अडचणीची. १९०५ च्या ओपनमध्यें शेवटच्या फेरीला जेम्स ब्रेडचा चेंडू चक्क रुळांवर गेला आणि त्याला तो तेथूनच मारावा लागला. तरी तो पांच टोल्यांनीं जिंकला, हें त्याच्या मनगटाचें कौतुक. सामान्यानें त्याचा कित्ता गिरवूं नये.

आणि मग सतरावा, 'रोड होल'. गॉल्फच्या इतिहासांत ह्या एका होलानें जितक्या माणसांचीं स्वप्नें मोडलीं तितकीं क्वचित् दुसऱ्या कोणत्या होलानें मोडलीं असतील. ओट्यासमोर उजव्या हाताला पूर्वीं रेल्वेच्या काळ्या शेड असत. १९६९ त रेल्वे बंद झाली. आज तेथें हॉटेल आहे, आणि जुन्या शेडचा आकार मुद्दाम राखलेला आहे. धीट खेळाडू त्या इमारतीच्या कोपऱ्यावरून चेंडू उडवितो. साधला तर उजव्या अंगाला उत्तम जागा. चुकला तर हद्दीबाहेर. भित्रा मनुष्य डावीकडे मारतो. त्याच्यापुढें जी हिरवळ येते ती अरुंद, लांबट, तिरपी आणि चौथऱ्यासारखी उंच. तिच्या पोटांत घुसलेला 'रोड बंकर', आणि मागें लागूनच रस्ता व दगडी भिंत. रस्त्यावर चेंडू गेला तर तो तेथूनच मारावयाचा, सवलत नाहीं. कमी पडलें तर उजव्या कोपऱ्याशीं राहतें, तें बरें. जास्त झालें तर रस्ता. डावीकडे झुकलें तर बंकर. ही हिरवळ ॲलन रॉबर्टसननें घडविली असें परंपरा मानते. खरें असेल तर पिसांचे चेंडू बुडाल्याचा सूड त्यानें पुरता उगविला म्हणावयाचा.

१८८५ च्या ओपनमध्यें डेव्हिड एटन हा गांवचाच खेळाडू स्पर्धा जवळजवळ खिशांत घालून सतराव्याशीं आला. बंकर आणि रस्ता ह्यांच्यामध्यें त्याच्या चेंडूच्या येरझारा झाल्या, अकरा टोले लागले, आणि तो दोन टोल्यांनीं हरला. १९७८ त जपानचा नाकाजिमा दोन टोल्यांत हिरवळीवर पोहोंचला होता. तेथून पटरनें, म्हणजे हिरवळीवर चेंडू ढकलण्याच्या सपाट काठीनें, त्यानें जो टोला दिला तो उतारावरून वळून बंकरांत गेला. वर यावयास चार टोले, एकंदर नऊ. १९८४ त टॉम वॉटसन सहाव्या ओपनच्या, म्हणजे हॅरी व्हार्डनच्या विक्रमाच्या, उंबरठ्यावर होता. सतराव्यावर त्याचा पहिला टोला उजवीकडून उत्तम पडला. दुसऱ्याला त्यानें जास्त ताकद लावली आणि चेंडू रस्ता ओलांडून भिंतीशीं जाऊन बसला. त्याच वेळीं पुढें अठराव्याच्या हिरवळीवर बॅलेस्टेरोसचा चेंडू होलांत पडला आणि लोकांचा गजर उठला. वॉटसनला सहावें ओपन कधींच मिळालें नाहीं.

ह्या होलावर विचारपूर्वक खेळणें म्हणजे काय, तें जोन्सनें १९३० त दाखविलें. ॲमॅच्युअर स्पर्धेंत सिरिल टॉली ह्याच्याशीं त्याचा सामना बरोबरींत चालला होता. दुसऱ्या टोल्याला समोर बंकर, मागें रस्ता. जोन्सनें निशाणाकडे पाहिलेंच नाहीं. बंकरच्या डावीकडून, अठराव्याच्या ओट्याच्या दिशेनें चेंडू पाठविला. तो प्रेक्षकांच्या गर्दींत आदळला आणि हिरवळीजवळच थांबला. नशीब खरें, पण नशीब आपल्या बाजूला यावें अशी जागा त्यानें निवडली होती. टॉली बंकरच्या अलीकडे राहिला होता. तेथून त्यानें बंकरवरून इतका नाजूक टोला मारला कीं चेंडू होलापाशीं दोन फुटांवर थांबला. जोन्सनें आठ फुटांवरून चेंडू होलांत घातला आणि होल बरोबरींत सुटला. एकोणिसाव्या होलाला जोन्स जिंकला. त्या वर्षीं त्यानें जे चार मोठे मान मिळविले त्यांतला हा पहिला, आणि तो ह्या एका होलाच्या धाग्यावर लोंबकळत होता.

अठरावा शेवटचा, ३५६ यार्डांचा, पहिल्याइतकाच रुंद. हिरवळीच्या पुढें 'व्हॅली ऑफ सिन', पापाची दरी, नांवाचा एक उथळ खळगा, बस्स. पण त्या खळग्याच्या भीतीनें १९७० त डग सँडर्सनें चेंडू पलीकडे फार दूर नेला. जिंकावयास चार टोले पुरे होते. पांच लागले, शेवटचा पट तीन फुटांच्या आंतबाहेर असतां हुकला, आणि दुसऱ्या दिवशींच्या फेरींत निक्लॉसनें त्याला एका टोल्यानें हरविलें. उलट १९९५ त कॉन्स्टँटिनो रोक्का त्याच दरींत घसरला आणि तेथून साठएक फुटांचा पट घालून बरोबरींत आला. लगेच जॉन डेलीबरोबर चार होलांचा निकाल खेळला गेला, त्यांत सतराव्याच्या बंकरमध्यें रोक्काचे तीन टोले गेले. एकानें जें दिलें तें दुसऱ्यानें काढून घेतलें.

आधुनिक चेंडू आणि काठ्या इतक्या लांब मारतात कीं ह्या साऱ्या गणिताचें काय होणार, हा प्रश्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गंभीर झालेला आहे. तीनशें यार्डांवरून बंकर ओलांडणाऱ्याला डावी-उजवी बाजू काय? टायगर वुड्सनें २००० सालीं चारही फेऱ्यांत, बहात्तर होलांत, एकदांही बंकरमध्यें पाय ठेवला नाहीं. परंतु हें केवळ ताकदीचें काम म्हणणें अन्यायाचें होईल. प्रत्येक टोला कोठें टाकावयाचा नाहीं हें त्याला ठाऊक होतें. त्याच स्पर्धेंत शेवटच्या फेरीला त्याचा सोबती डेव्हिड ड्यूव्हल रोड बंकरमध्यें अडकून पडला. मैदान लांबविण्याचा उपाय चालूच आहे. २०१० त सतराव्याचा ओटा जुन्या रेल्वेमार्गापलीकडे मागें नेऊन ४५५ यार्डांचे ४९५ केले. सबंध मैदान आतां ७,३०० यार्डांवर गेलें आहे. आणखी मागें जावयास जमीन फारशी नाहीं, म्हणून नियम करणाऱ्या संस्थांनीं २०२३ त चेंडूचाच पल्ला कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. १८४५ सालीं चेंडूनें मैदान बदललें; आतां मैदानाकरितां चेंडू बदलावयाचा आहे.

२०२२ च्या ओपनमध्यें शेवटच्या दिवशीं रोरी मॅक्लरॉय निर्दोष खेळला. अठरा हिरवळींवर प्रत्येकीं दोन, असे छत्तीस पट झाले. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरन स्मिथ त्याच्यामागें चार टोले होता. तो दहाव्यापासून सलग पांच होलांना एकेक टोला वाचवीत पुढें निघाला आणि सतराव्याशीं आला. त्याचा दुसरा टोला हिरवळीच्या अलीकडे, डाव्या अंगाला राहिला. चेंडू आणि निशाण ह्यांच्या मधोमध रोड बंकर. वरून उडवावा तर पलीकडे रस्ता. स्मिथनें पिशवींतून पटर काढला आणि बंकरच्या उजव्या कडेनें, चढावरून चेंडू जमिनीवरूनच वळवून वर नेला. तो दहा फुटांवर थांबला. तो पट त्यानें घातला, अठराव्याला आणखी एक टोला वाचविला, आणि २६८ टोल्यांत, एका टोल्याच्या अंतरानें, स्पर्धा जिंकली.